वाइड लेन्सचा हिशोब: बमरोलीहून साल्हेर, लोणारपर्यंत

वाइड लेन्स म्हणजे कमी फोकल लेंग्थची आणि म्हणून जास्त कोनातले दृश्य टिपणारी लेन्स. ३६ मिमी रुंद असलेल्या फुल फ्रेम सेन्सरवर ५० मिमीची लेन्स आडवे सुमारे ४० अंश पाहते, ३५ मिमीची ५४, २४ मिमीची ७४ आणि १६ मिमीची ९७ अंश. ३५ किंवा त्याहून कमी मिलिमीटरच्या लेन्सला वाइड आणि साधारण २० मिमीच्या खालच्या लेन्सला अल्ट्रावाइड म्हणण्याची पद्धत आहे. या टोकाला एकेक मिलिमीटर महाग असतो. ७० आणि ७२ मिमीत अंशभराचाही फरक पडत नाही. १४ आणि १६ मिमीत मात्र साडेसात अंशांचा पडतो. दुकानात दोन मिलिमीटरसाठी मोजावे लागणारे जादा पैसे अगदीच वायफळ नसतात, ते यामुळे.

लेन्सवर छापलेला आकडा एकटा वाचून उपयोग नाही, मागचा सेन्सर केवढा हेही पाहावे लागते. एपीएस-सी सेन्सर सुमारे साडेतेवीस मिमी रुंद असतो. कॅननचा त्याहून किंचित लहान. त्यामुळे फोकल लेंग्थला दीडने, कॅननमध्ये १.६ने गुणावे लागते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८–५५ मिमीची किट लेन्स अशा बॉडीवर २७–८३ मिमीसारखी वागते, म्हणजे जेमतेम वाइड. फुल फ्रेमवरच्या १६ मिमीचे दृश्य हवे असेल तर इथे १० किंवा ११ मिमीची लेन्स लागते. मायक्रो फोर थर्ड्समध्ये हा गुणाकार दोनचा. अनेक फोनमधला मुख्य कॅमेरा २४–२६ मिमीच्या आणि अल्ट्रावाइड कॅमेरा १३ मिमीच्या आसपासचे दृश्य देतो. त्यामुळे आपल्याला किती वाइड लागते, याची चाचणी खिशातल्या फोनवर फुकट होते. ही चाचणी न करताच लेन्स घेणारे पुष्कळ.

निवडीचा दुसरा आधार म्हणजे प्रवासाची वाट. सुरतच्या दक्षिण भागातल्या उधना, पांडेसरा, लिंबायत, बमरोली या वस्त्यांत खान्देशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्या गावाकडच्या वाटेवरच निसर्गचित्रणाची उत्तम ठिकाणे आहेत. उधना–जळगाव रेल्वेमार्ग नवापूर, नंदुरबार करत खान्देशात उतरतो. नवापूरचे स्थानक तर अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात. उत्तरेला सातपुड्यातले तोरणमाळ, दक्षिणेला डांगचे जंगल आणि सापुतारा, त्यापलीकडे बागलाणातला १५६७ मीटर उंचीचा साल्हेर. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला २०२५मध्ये मराठा लष्करी स्थळांच्या यादीतून जागतिक वारशात गेला. एका पिशवीतल्या सामानाने ही सगळी ठिकाणे टिपायची, तर आधी प्रत्येक ठिकाण लेन्सकडून काय मागते ते पाहायला हवे.

डोंगर मोठा म्हणून लेन्स वाइड, हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज. पायथ्यापासून आठशे मीटर उठलेला डोंगर आठ किलोमीटरवरून पाहिला, तर १६ मिमीची लेन्स सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम १.६ मिमी उंचीची पाडते. चौकटीची उंची २४ मिमी. म्हणजे डोळ्यांत भरलेला पहाड फोटोत पंधराव्या हिश्श्याचा उंचवटा होऊन बसतो. १०० मिमीच्या लेन्सने तोच डोंगर १० मिमीचा, चौकटीच्या जवळजवळ निम्म्या उंचीचा येतो. साल्हेरच्या माथ्यावरून दिसणाऱ्या रांगा, मांगी-तुंगीचे जोडसुळके, धुक्यात एकामागे एक फिकट होत जाणारे कडे, हा सगळा मध्यम टेलिफोटोचा माल आहे. लँडस्केप फोटोग्राफी म्हणजे वाइड लेन्स असे मानून टेलिफोटो घरी ठेवणारा माणूस माथ्यावर हमखास पस्तावतो.

वाइड लेन्सचे खरे काम वेगळे आहे: पायाजवळची वस्तू आणि दूरची पार्श्वभूमी यांना एका चौकटीत बांधणे. पावसाळ्यात डांगमधला शेवाळलेला दगड, भाताच्या खाचरातले पाणी, कड्याच्या काठावरची कारवी, असे काहीतरी हात-दोन हातांवर असले की तीच लेन्स जिवंत होते. जवळची वस्तू मोठी दिसते, मागचा डोंगर मागे सरकतो आणि सपाट कागदावर खोली तयार होते. म्हणून वाइड लेन्स वापरताना बहुधा मागे नव्हे, पुढे सरकावे लागते, आणि बऱ्याचदा गुडघ्यावर बसावे लागते.

जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव यावे यासाठी फोकस कुठे करायचा, याचेही गणित आहे. फुल फ्रेमवर १६ मिमी आणि एफ/११ असताना सुमारे ८० सेंटिमीटरवर फोकस केला, तर ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. २४ मिमीला हेच अंतर पावणेदोन मीटर होते आणि स्पष्टता पाऊण-एक मीटरच्या पुढे सुरू होते. एपीएस-सीवर १२ मिमी आणि एफ/८ असताना ९० सेंटिमीटर पुरतात. एफ/२२पर्यंत अ‍ॅपर्चर बारीक केले की स्पष्टता वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

वाइड लेन्सच्या खोडीही असतात. कॅमेरा वर कललेला असला की झाडे आणि बुरूज मागे रेलल्यासारखे दिसतात. १६ मिमीच्या आडव्या चौकटीत अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचे डोके सुमारे दीडपट रुंद होते. हा लेन्सचा दोष नव्हे; सरळ रेषा सरळ ठेवायच्या तर कडेला हा ताण द्यावाच लागतो. सहलीच्या ग्रुप फोटोत टोकाला उभे राहिलेले काका उगाच जाडजूड दिसतात, त्यामागे हे कारण असते.

मग जवळ काही नसताना अल्ट्रावाइड लागतच नाही का? लागते, जागा अंगावर येते तेव्हा. सांधण दरीसारख्या घळीत दोन्ही भिंती हाताच्या अंतरावर येतात आणि मागे सरकायला वाव नसतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे उल्काविवर हे दुसरे उदाहरण. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठावर उभे राहून समोर पाहिले, की डाव्या-उजव्या हाताच्या आडव्या व्यासाची दोन टोके डोळ्याशी काटकोन करतात. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे शाळेतले भूमितीचे प्रमेय इथे जमिनीवर उतरलेले दिसते. म्हणजे ही दोन टोके आडव्या चौकटीत बसवायला ९० अंश हवेत, आणि ९० अंश म्हणजे फुल फ्रेमवर बरोबर १८ मिमी, एपीएस-सीवर सुमारे १२. २४ मिमीची लेन्स इथे थोडक्यात कमी पडते. पण त्यासाठी नवी लेन्स घ्यायलाच हवी असेही नाही. किट लेन्स १८ मिमीवर ठेवून, कॅमेरा उभा धरून, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढतील अशा बेताने तीन फोटो काढले आणि संगणकावर जोडले, तर शंभराहून अधिक अंश हाती येतात. एक्स्पोजर आणि फोकस मात्र तिन्ही फोटोंत एकच ठेवावा लागतो. पाणी वाहत असेल किंवा फांद्या हलत असतील, तर जोड उघडे पडतात. लोणारचे तळे त्या मानाने सोशिक.

खरेदीची वेळ येते तेव्हा पहिला पेच असतो एफ/२.८ की एफ/४. एफ/२.८मधून दुप्पट प्रकाश येतो. तोरणमाळच्या काळोख्या रात्री आकाशगंगा टिपायची तर तो दुप्पटपणा मोलाचा, कारण वीस-पंचवीस सेकंदांच्या पुढे तारे रेघोट्या होऊ लागतात. दिवसाच्या निसर्गचित्रणात मात्र अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११वरच असते आणि तो जादा प्रकाश नुसता पाठीवर वाहिला जातो. निकॉनच्या झेड मालिकेतली १४–२४ मिमी एफ/२.८ लेन्स ६५० ग्रॅमची आहे, तर १४–३० मिमी एफ/४ ४८५ ग्रॅमची, आणि दुसरीवर ८२ मिमीचा साधा फिल्टर थेट बसतो. एपीएस-सीमध्ये कॅननची आरएफ-एस १०–१८ मिमी केवळ १५० ग्रॅमची. तारे टिपायचा नाद नसेल तर साल्हेरच्या चढावर हलकी लेन्सच शहाणी. किट लेन्सला जोड म्हणून एक अल्ट्रावाइड झूम आणि एक हलकी टेलिफोटो, एवढ्यात या भागातला बहुतेक प्रवास भागतो.

फिल्टरांपैकी पोलरायझर सर्वांत उपयोगी, तोही निळ्या आकाशापेक्षा ओल्या पानांसाठी. तो पानांवरची आणि दगडांवरची चमक काढतो आणि हिरवा रंग खोल होतो. अल्ट्रावाइडवर आकाश असताना तो जपून वापरावा, कारण त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक असतो आणि ९०हून अधिक अंशांच्या चौकटीत आकाशाचा एकच पट्टा काळवंडतो. वघईजवळच्या गिरा धबधब्याचे पाणी रेशमासारखे हवे असेल तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागतो. तो प्रकाश ६४ पट कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचे एक्स्पोजर दोन सेकंदांवर जाते.

दोन सेकंदांना हात पुरत नाही, ट्रायपॉड लागतो. दीड किलोच्या आतला, मधला दांडा वर न काढता छातीपर्यंत येणारा पुरे. अगदी हलका ट्रायपॉड कड्यावरच्या वाऱ्यात थरथरतो. खाली पिशवी लटकवली की तो बराच स्थिर होतो.

राहिला प्रश्न दमट हवेचा. सुरत समुद्राजवळ, डांग पावसाचे. लेन्सच्या आत बुरशी धरायला याहून सोयीची हवा नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून आतली आर्द्रता ४०–५० टक्क्यांवर ठेवली की बुरशी आटोक्यात राहते. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून घ्यावे लागते. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट पावसाळी हवेत काढला तर काच धुकटते. म्हणून तो बंद पिशवीत अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्यावा. पाणीरोधक बॉडीवर साधी लेन्स लावली तर जोडापाशी पाणी शिरू शकते, तेव्हा भुरभुर पावसात छत्री धरणारा सोबती कोणत्याही सीलपेक्षा भरवशाचा. बमरोलीसारख्या यंत्रमागांच्या भागात हवेत बारीक तंतू तरंगत असतात. लेन्स बदलायची ती घरात, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून. सेन्सरवर बसलेला एखादा तंतू एफ/४ला दिसत नाही, एफ/१६ला मात्र निरभ्र आकाशात ठळक उमटतो.