अंडरबॉडी कोटिंग : आधी गंज दाखवा, मग थर मारा

मिरकरवाड्याहून मासळी घेऊन निघणाऱ्या टेम्पोतून बर्फाचे खारे पाणी वाटभर ठिबकत असते. ते चॅसिसवर उतरते, पत्र्याच्या जोडांत मुरते. लोखंड गंजायला हवा आणि पाणी पुरेसे असते. मिठामुळे ते काम कितीतरी लवकर उरकते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाड्या खालून कुजतात आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

पावसाळ्याच्या तोंडावर अंडरबॉडी कोटिंग करून घेण्याचा रिवाज चांगलाच आहे. परंतु आपल्या गॅरेजवाल्या बांधवांना आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो, की ओल्या अथवा गंजक्या पत्र्यावर डांबरी थर मारण्यापेक्षा न मारलेला बरा. असा थर सुटतो, त्याच्या आड पाणी अडकते आणि गंज डोळ्याआड पसरत राहतो. गाडी गोड्या पाण्याच्या प्रेशरने धुवावी, पूर्ण सुकू द्यावी (घाईचे गिऱ्हाईक इथेच अडून बसते!), तारेच्या ब्रशने गंज खरवडावा, उघड्या पत्र्यावर प्रायमर द्यावा, मग कोटिंग. कुजलेला पत्रा कापून वेल्डिंग करायचे असेल तर तेही कोटिंगच्या आधीच. दरवाज्यांच्या तळाची पाणी निघण्याची भोके बुजू देऊ नयेत. सायलेन्सर, ब्रेक आणि रबरी होजवर फवारा जाता कामा नये. जळके इंजिन ऑइल फासणे तर बंदच करावे. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात.

"आवाज बंद होईल" असे सांगून पैसे घेऊ नयेत. जाड रबरी थराने चाकाजवळ उडणाऱ्या खडीचा आणि पातळ पत्र्याच्या थरथरीचा आवाज कमी होतो. इंजिनाचा व वाऱ्याचा नाही.

जुन्या गाड्यांच्या बाजारात काही जण विकण्यापूर्वी खालून काळा हात मारून सडका पत्रा झाकतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. गंजक्या चॅसिसवरचा काळा थर आम्हाला त्याच राशीसारखा वाटतो. कोटिंगला आलेल्या गिऱ्हाइकालाही आधी गाडीखाली बोलवावे, गंज दाखवावा व वेल्डिंगचे पैसे वेगळे सांगावेत. पावसाळा संपल्यावर थर तपासून, निघाला असेल तेवढाच भाग खरवडून पुन्हा द्यावा.