अपत्याची वाट आणि चुकणारी पाळी

कोल्हापुरात गुजरीतल्या किंवा लक्ष्मीपुरीतल्या व्यापारी घरात आलेल्या सुनेला पहिल्या वर्षी कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या वर्षी मंदिरातून परतताना एखादी मावशी हळूच विषय काढते. तिसऱ्या वर्षी घरातच व्रतांची आणि नवसांची चर्चा सुरू होते. या सगळ्या काळात तिची पाळी पन्नास-साठ दिवसांनी, कधी तीन महिन्यांनीही येत असते. पण ते तिच्या आईखेरीज कोणाला ठाऊक नसते. लग्नापूर्वी पाळी नियमित राहावी म्हणून तिला गोळ्या दिलेल्या असतात, आणि ती फाइल माहेरच्या कपाटातच राहिलेली असते.

त्या फाइलीवर बहुधा ‘पीसीओडी’ किंवा ‘पीसीओएस’ असे लिहिलेले असते. नाव ऐकून घरची माणसे गाठींच्या शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतात. वास्तविक या गाठी नसतात. वाढ अर्ध्यावर थांबलेली ती बीजपुटके असतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी अशा सात स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून या विकाराला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ६ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो, आणि त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते.

शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून ते अधिक तयार होते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजकोशात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि बीजांड पक्व होण्याचे काम रखडते. हे सडपातळ मुलींतही घडते, त्यामुळे ‘आमची सून तर बारीक आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. निदानासाठी तीन लक्षणांपैकी दोन पुरेशी मानली जातात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव आणि सोनोग्राफीतील बीजकोशाचे विशिष्ट रूप. थायरॉइड व प्रोलॅक्टिनचे दोष मात्र आधी तपासून वगळावे लागतात.

व्यापाऱ्याच्या घरात हिशेब लवकर कळतो, म्हणून तो मांडणे योग्य. नियमित पाळी असणाऱ्या स्त्रीला वर्षात बारा-तेरा वेळा संधी मिळते. साठ दिवसांनी पाळी येणारीला फार तर सहा, आणि त्याही कोणत्या दिवशी, हे सांगता येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बीजांड-चाचणीच्या पट्ट्याही या विकारात फसवतात, कारण त्या ज्या संप्रेरकावर चालतात ते येथे मुळातच वाढलेले असू शकते. एरवी वर्षभर वाट पाहून, आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, डॉक्टरांकडे जावे असे सांगतात. पाळीच अनियमित असेल तर तेवढेही थांबण्याचे कारण नाही. व्रतांत गेलेली तीन वर्षे परत येत नाहीत.

उपचारांची सुरुवात महागडी नसते. वजन जास्त असल्यास ते ५ ते १० टक्के घटले तरी अनेकींची पाळी सुधारते. सत्तर किलोच्या स्त्रीसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. त्यानंतर बीजांड पक्व करणाऱ्या गोळ्या येतात. आज यात लेट्रोझोलला पहिली पसंती आहे. पाळी आल्यावर सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस ती घेतात आणि पुढे सोनोग्राफीने बीजपुटकाची वाढ पाहतात. या गोळीचा आपल्या देशातील प्रवास विलक्षण आहे. मूळ औषध स्तनाच्या कर्करोगाचे. बाळाला अपाय होईल या शंकेने ऑक्टोबर २०११ मध्ये भारत सरकारने वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. २०१४ साली अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना अपत्य झाले, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्क्यांना. २०१७ साली ही बंदी उठली. नातलगांकडून ‘ती बंदी असलेली गोळी आहे’ असे अजूनही कानावर येते, ते या जुन्या इतिहासातून.

मात्र ही गोळी सुरू करण्याआधी पतीच्या वीर्याची तपासणी झालीच पाहिजे. ती सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी आहे, आणि आपल्या घरांत सर्वांत उशिरा होते. सून चार डॉक्टरांकडे फिरून आलेली असते आणि मुलाला दुकानातून तासभर मोकळे व्हायला सणाचा हंगाम संपावा लागतो. पैशाचे सूत्र सासऱ्यांच्या हाती असलेल्या एकत्र कुटुंबात तपासणीचे शुल्क मागणे हीसुद्धा सुनेसाठी परीक्षाच असते.

जैन स्वयंपाकघराचा या विकाराशी जवळचा संबंध आहे. बटाटा वर्ज्य म्हणून साखर आटोक्यात राहते, हा भ्रम आहे. त्याची जागा मैदा, फरसाण आणि दुकानातला दिवसाचा आठवा गोड चहा घेतो. सूर्यास्तापूर्वीचे जेवण मात्र येथे सोयीचे ठरते. त्यानंतर रंकाळ्याच्या काठाने अर्धा तास चालणे झाले तर अधिकच उत्तम. चौविहार पाळणाऱ्या स्त्रीने मेटफॉर्मिनची संध्याकाळची गोळी त्याच जेवणासोबत बसवून द्यावी, असे डॉक्टरांना आधीच सांगावे. हे औषध दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व घटते. शाकाहारात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. द्विदलाच्या नियमामुळे डाळीसोबत कच्चे दही चालत नाही, तेव्हा दह्यासाठी दुसरी वेळ राखावी आणि बी-१२ची तपासणी करून घ्यावी. फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून हवे.

पर्युषणातील उपवासांचा प्रश्न नाजूक आहे. शरीराला मिळणारी ऊर्जा फार घटली की बीजांड पक्व होणे आणखी लांबते, म्हणून उपचार चालू असलेल्या महिन्यात अठाई धरणे हिताचे नाही. सोळा कारण भावनांत तपाला आणि त्यागाला ‘शक्तीनुसार’ अशी अट घातलेली आहे. सुनेला आग्रह करणाऱ्यांनी ती आठवावी.

गोळ्यांनी यश न आल्यास इंजेक्शने, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि शेवटी आयव्हीएफ असा क्रम असतो. पीसीओएसमध्ये बीजकोश इंजेक्शनांना अतिप्रतिसाद देऊन पोटात पाणी साठण्याचा धोका जास्त, म्हणून अनुभवी डॉक्टर आवश्यक. २०२१च्या कायद्यानुसार आयव्हीएफ केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. ती विचारण्यात संकोच कसला? आयव्हीएफच्या टप्प्यावर अहिंसेचा प्रश्नही उभा राहतो. अधिक बीजांडे फलित झाली तर उरलेल्या भ्रूणांचे काय? मोजकीच बीजांडे फलित करावीत, असे पती-पत्नी आधीच लेखी सांगू शकतात. हा निर्णय त्या दोघांचाच असावा, घरातील इतरांचा नव्हे.

आणि दत्तक? ज्या शहराला शाहू महाराज १८८४ साली दत्तकविधानानेच लाभले, तेथे या शब्दाला संकोच असू नये. जैन विधवेला कोणाच्या परवानगीविना दत्तक घेता येते, ही रूढी तर इंग्रजांच्या प्रिव्ही कौन्सिलनेही १८७८ साली मान्य केली होती.

दिवस राहिल्यावरही पीसीओएस विसरून चालत नाही. गर्भारपणातील मधुमेहाची शक्यता अधिक, म्हणून साखरेची चाचणी सुरुवातीलाच आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. ती उपाशीपोटी ग्लुकोजचे पाणी पिऊन, दोन तास तेथेच बसून करायची असते. त्या सकाळी दुकान कोणीतरी दुसऱ्याने उघडावे आणि पतीने सोबत जावे.