‘मी पीत नाही, फक्त चाखतो’: वाइन टेस्टिंग आणि यकृताचा हिशेब

“डॉक्टर, मी पीत नाही हो. फक्त चाखतो.”

छत्रपती संभाजीनगरात रेस्टॉरंट चालवणारे पंचेचाळिशीतले एक गृहस्थ तपासणीचे रिपोर्ट घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, एसजीपीटी आणि जीजीटी जास्त, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. आठवड्यातून तीन संध्याकाळी ते पाहुण्यांसाठी वाइन टेस्टिंग ठेवत. बाटली उघडली की आधी स्वतः चाखायची, मग पाहुण्यांना समजावून सांगताना पुन्हा एक घोट. कधी झिंग नाही, कधी तोल गेला नाही. मग यकृताने तक्रार का करावी?

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक-दिंडोरी भागात वायनरींची संख्या वाढत गेली. आज आपल्याकडची अनेक कुटुंबे सुटीत तिकडे जातात. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याच्या निर्णयावर वाद झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्यही खूप ऐकू आले. शरीराला मात्र हा भेद कळत नाही. वाइन, बिअर, व्हिस्की या सगळ्यांत असते ते इथेनॉलच.

घोटांचा हिशेब

टेस्टिंगमध्ये एका वेळी साधारण ३० मिलिलिटर वाइन ओततात. वाइनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण १३ टक्के धरले, तर त्या घोटात सुमारे ३ ग्रॅम अल्कोहोल जाते. सहा प्रकार चाखले की १८ ग्रॅम. आमचे गृहस्थ प्रत्येक प्रकार दोनदा चाखत, म्हणजे एका संध्याकाळी ३६ ग्रॅम. आठवड्याला तीन संध्याकाळी मिळून १०८ ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड बाटली वाइन!

हा आकडा ऐकून ते गप्प झाले. एकही पूर्ण ग्लास हातात न घेता इतकी वाइन पोटात गेली होती.

यकृत तासाला सरासरी ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळू शकते. म्हणजे त्या संध्याकाळचा हिशेब मिटायला चार-पाच तास लागणार. तोवर यकृत अल्कोहोलच्या मागे असते आणि चरबी जाळण्याचे काम मागे पडते. ती चरबी तिथेच साठू लागते. झिंग न येणे ही सुरक्षिततेची खूण नाही. नेहमी घेणाऱ्याचा मेंदू सरावतो, पण यकृत सरावत नाही.

जेवणाबरोबर घेतली तर चालते का?

उपाशीपोटी घेण्यापेक्षा जेवणाबरोबर घेतल्यास अल्कोहोल रक्तात हळू उतरते, हे खरे. पण ते नाहीसे होत नाही. नान खलियासारख्या तेलकट-मसालेदार जेवणाने दारू ‘मारली जाते’ हा गैरसमज आहे. उलट ट्रायग्लिसराइड्स आधीच जास्त असतील, तर तेलकट जेवण आणि अल्कोहोल एकत्र आल्याने ते आणखी वाढतात.

रेड वाइन हृदयाला चांगली ना?

जुन्या अभ्यासांत थोडी पिणारे लोक अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसत. पण ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही होते, त्यामुळे तुलना फसवी ठरली. रेड वाइनमधल्या ज्या रेझ्व्हेराट्रॉलचे कौतुक होते, त्याचे प्रमाण फार थोडे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. स्तन, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे यांच्या कर्करोगाचा धोका त्याने वाढतो. तेव्हा औषध म्हणून वाइन सुरू करू नका.

थुंकण्यात कमीपणा नाही

जगभरातले व्यावसायिक चाखणारे वाइन गिळत नाहीत. रंग पाहतात, ग्लास फिरवून वास घेतात, घोट तोंडात घोळवतात आणि थुंकतात. चवीचा मोठा भाग वासातूनच कळतो. त्यामुळे पारख कमी होत नाही आणि अल्कोहोल फार थोडे शरीरात जाते.

हे सुचवल्यावर गृहस्थ संकोचले. “पाहुण्यांसमोर थुंकायचे? आणि यजमानच पीत नाही म्हटल्यावर पाहुण्यांना काय वाटेल?” मी म्हटले, पानाच्या शौकिनांच्या शहरात पिकदाणीचे वावडे कशाला? आता त्यांच्या टेबलावर झाकणाची भांडी असतात आणि ते पहिला घोट स्वतः थुंकून दाखवतात. पाहुण्यांचाही संकोच जातो.

कोणी चाखूही नये?

- गर्भवती किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रिया
- यकृताचा आजार किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले रुग्ण
- पूर्वी व्यसन होते आणि प्रयत्नाने सुटले आहे अशा व्यक्ती
- मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल, झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असणारे
- ज्यांना परत गाडी चालवायची आहे ते

मधुमेहींनी आधी डॉक्टरांशी बोलावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना अल्कोहोलमुळे साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, कधी कधी काही तासांनी, झोपेतही. दमा असलेल्या काहींना वाइनमधल्या सल्फाइटमुळे धाप लागते.

गाडीबाबत कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सहा घोट गिळल्यावर, विशेषतः कमी वजनाच्या व्यक्तीत, ती ओलांडली जाऊ शकते. कॉफी किंवा गार पाण्याने ती उतरत नाही. नाशिकहून परतताना गाडी न चाखणाऱ्याच्याच हाती द्या.

यजमानांसाठी

ओतताना माप वापरा. प्रकार चारच ठेवा, सोबत पाणी आणि जेवण द्या. न घेणाऱ्याला आग्रह करू नका. आपल्याकडे आग्रहाशिवाय पाहुणचार पुरा होत नाही, पण तो आग्रह ताटातल्या पदार्थापुरता असू द्या.

एखादा पाहुणा घामाघूम झाला, अडखळत बोलू लागला, तर ‘चढली’ म्हणून सोडून देऊ नका. साखर उतरली असू शकते. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आमच्या गृहस्थांचे काय झाले?

त्यांनी टेस्टिंग बंद केले नाही, गिळणे बंद केले. रात्रीचे जेवण लवकर घेऊ लागले, सकाळी चालू लागले. तीन महिन्यांनी जीजीटी आणि ट्रायग्लिसराइड्स बरेच खाली आले. सोनोग्राफीत चरबी अजून आहे, तिला वेळ लागेल.

तुम्हीही ‘फक्त चाखत’ असाल, तर एका आठवड्याचे घोट कागदावर लिहून पाहा. रोज घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, किंवा न घेतल्यास हात थरथरत असतील, तर एकदम स्वतःहून बंद करू नका, त्यात धोका असतो. आपल्या डॉक्टरांना किंवा घाटी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात भेटा. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.