गाडीचा पत्रा जपा, माल वाचवा

आम्ही कापडवाले. गाडीच्या पत्र्याकडे आम्ही कधी लक्ष दिले नव्हते. एका पावसाळ्यात भिवंडीहून आलेल्या पांढऱ्या कापडाच्या गाठींना ट्रेलरच्या तळाचा गंज लागला. गंजाचा डाग साबणाने निघत नाही. तो माल आम्हांला पडत्या भावात काढावा लागला. चूक आमचीच होती.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळून गंज आणतात. खारटपणा असला तर अधिक लवकर. म्हणून किनाऱ्याकडून आलेली गाडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. रंगाचा पोपडा उडालेला दिसताच तेथील गंज तारेच्या ब्रशाने खरवडावा, रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वर ऑइल पेंट लावावा. पुण्यात हे काम जूनपूर्वी उरकावे.

अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज चढत नाही. पण कॉस्टिक सोडा किंवा तेजाब लागला की त्याची चमक जाते. सौम्य साबणाने धुवावे, सुकल्यावर मेणाचे पॉलिश चोळावे. लोखंडी बोल्टाखाली रबरी वायसर घालावा. नाहीतर ओलाव्यात बोल्टाभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम झिजते. वायसर नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात.

आणि गाठींखाली लाकडी फळ्या व ताडपत्री टाकण्यास विसरू नये. आम्ही विसरलो होतो.