खणू नका, झाका

फेब्रुवारीच्या शेवटी इंग्लंडमध्ये दोन दिवस ऊन पडले, की अलॉटमेंटवर फावडी बाहेर निघतात. अलॉटमेंट म्हणजे घरापुरती भाजी-फळे पिकवण्यासाठी थोड्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. जुन्या मापाने तो दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा. आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. मागणी असेल तिथे असे तुकडे द्यायची जबाबदारी १९०८च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. हिवाळा सरता सरता हे अडीच गुंठे खणून काढले की वसंताची तयारी झाली, अशी तिथली जुनी समजूत आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. या दिवसांत सरसकट खणण्यात श्रम वाया जातातच, वर मातीचेही नुकसान होते. तेव्हा करायचे काम म्हणजे माती झाकणे आणि वाफशाची वाट पाहणे.

मशागतीच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाला हे पटकन पटणार नाही. पण आपली उन्हाळी नांगरट कोरड्या, तापलेल्या जमिनीत होते. वर आलेली हरळीची मुळे उन्हात वाळून जातात. इंग्लंडमधला विश्रांतीचा हंगाम नेमका उलटा, थंड आणि ओला. पाऊस पडत राहतो, बाष्पीभवन नाममात्र होते आणि चिकणमाती पाण्याने तुडुंब भरलेली असते. अशा मातीवर पाय पडला की कणांमधल्या हवेच्या पोकळ्या दबून जातात. फावडे मारले तर कापलेली बाजू लिंपल्यासारखी गुळगुळीत निघते, आणि मार्चचे वारे लागले की त्याच ढेकळांचे दगड होतात. मूठभर माती दाबून लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटून विखुरला तर वाफसा आला. थापटीसारखा पसरला, तर वाफ्यापासून दूर राहावे.

मग माती भुसभुशीत करायची कोणी? गांडुळांनी. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवरच्या ग्रंथात हिशेब मांडला होता, की इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन पृष्ठभागावर येते. वाफ्यावर कुजलेल्या कंपोस्टचा तीन ते पाच सेंटिमीटर थर दिला, की गांडुळे ते खाली ओढून नेतात. त्यांची बिळे पाण्याला आणि मुळांना वाट देतात. खणल्याने हीच बिळे मोडतात. सॉमरसेटमधले बागायतदार चार्ल्स डाउडिंग यांनी खणलेला आणि न खणलेला असे शेजारचे दोन वाफे सारखेच कंपोस्ट देऊन वर्षानुवर्षे पिकवले. एकूण उत्पादनात न खणलेला पुढे राहिला. एका बागेतल्या प्रयोगावरून साऱ्या देशाच्या मातीचा निवाडा करता येणार नाही. पण न खणता उत्पादन घटत नसेल, तर खणण्याचे समर्थन करायची जबाबदारी खणणाऱ्यावर येते. आपल्याकडे नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा भात तंत्रही नांगरणी-चिखलणीशिवाय, कायमच्या गादीवाफ्यांवर उभे आहे.

आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. चिकणमातीची ढेकळे हिमाने फुटतात, म्हणून खणावे, असे जुने माळी सांगतात. ते खरे आहे. पण तो लाभ नोव्हेंबरात खणणाऱ्याला मिळतो, फेब्रुवारीअखेर कडक हिमाचे दिवस फारसे उरलेले नसतात. दुसरा आक्षेप तणांचा. हरळीसारखी काउच ग्रास किंवा चांदवेलीच्या जातीची बाइंडवीड माजली असेल, तर दातेरी फावड्याने मुळे काढावीच लागतात. पण तेही वाफशावर. ओल्या मातीत मुळे तुटतात आणि राहिलेला प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. तोवर जाड पुठ्ठा किंवा काळी ताडपत्री टाकून तणांचा उजेड तोडावा. आच्छादनाखाली गोगलगायी लपतात, हेही खरे. म्हणून त्या ओल्या हवेत पेंढा न वापरता पूर्ण कुजलेले कंपोस्ट वापरावे. सगळ्यात खरी अडचण कंपोस्टच्या खर्चाची. दहा चौरस मीटरवर तीन सेंटिमीटर थर म्हणजे ३०० लिटर. सगळा तुकडा एका वर्षात झाकणे अनेकांना परवडणार नाही. चार वाफ्यांपासून सुरुवात करावी, उरलेले ताडपत्रीखाली ठेवावेत.

हात रिकामे राहण्याची भीती नको. बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या ट्रेमध्ये, डोळे वर करून, थंड पण उजेडाच्या खिडकीत ठेवावेत. लवकर येणाऱ्या जाती मार्चअखेर लावता येतात. मे उजाडला तरी हिम पडू शकते, म्हणून कोंबांवर माती चढवायची तयारी हवी. गाजर-पार्सनिपचे बी मात्र पाकिटावरचा महिना पाहून पेरू नये. पाच-सहा अंशांच्या गारठलेल्या मातीत ते रुजण्याऐवजी कुजते. दोन-तीन आठवडे उशिरा, उबदार मातीत पेरलेले पुष्कळदा लवकर पेरलेल्याला मागे टाकते. म्हणून ज्यांच्या वाट्याला असा तुकडा आला आहे, त्यांना एवढेच सांगणे: या महिन्यात घाम गाळून नेटकेपणा दाखवण्यापेक्षा मातीवर कंपोस्ट पसरा, तिच्यावर पाय देऊ नका आणि पेरणीची तारीख तिलाच ठरवू द्या.