दुखत होता गाल, बदनाम झाली दाढ

गेल्या दिवाळीत आईने चकलीचा पहिला घाणा समोर ठेवला आणि मी ताटली परत सरकवली. "काय रे, बिघडलीय का?" चकली मस्त होती, बिघडला होता माझा जबडा. सकाळी उठलं की उजवा गाल आवळलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं आणि खालच्या दाढेत ठणका.

एका दवाखान्यात रूट कॅनालची तारीखही ठरली होती. पण एक्स-रेत दाढ चांगली दिसत होती, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गालावर एका ठिकाणी बोट दाबलं आणि नेमका तोच ठणका दाढेत उमटला! दुखत होता मॅसेटर, म्हणजे चावायचा स्नायू. दात आवळून गालावर हात ठेवा, लगेच लागेल हाताला. त्यातल्या ताठरलेल्या जागेला ट्रिगर पॉइंट म्हणतात. मूळ तिथे, पण कळ येते दाढेत, कानात, कानशिलात. केनेडींच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ मध्ये अशा जागांचे नकाशेच पुस्तकात छापले.

मग फिजिओथेरपिस्टकडे ड्राय नीडलिंग. सुई बारीक, भरीव, औषध अजिबात नाही. नेमक्या जागी टोचली की स्नायू टचकन उडतो. दुखतं, आणि दुसऱ्या दिवशीही गाल ठसठसतो. पण औषधच नाही तर गुण कशाचा? कारेल लेविट या झेक डॉक्टरांनी १९७९ मध्येच लिहिलं होतं, की गुण येतो तो इंजेक्शनातल्या औषधाचा नाही, तर सुईच्या टोचण्याचा.

विजेचा उपचार म्हणजे टेन्स. गालावर दोन चिकटपट्ट्या आणि मुंग्या आल्यासारखा सौम्य करंट. ढोपर आपटलं की आपण चोळतो ना, तसंच. मेल्झॅक आणि वॉल यांच्या १९६५ च्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. मी उत्साहाने मशीन विकत घेतलं आणि मग वाचलं, की २०२३ साली बीएमजेत आलेल्या मार्गदर्शक सूचनांत जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चरला सशर्त होकार आहे आणि टेन्सला सशर्त नकार! ठाम शिफारस आहे ती देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळा करणं आणि सवयी बदलणारी सीबीटी यांची. मशीन आता आईच्या गुडघ्याला लागतं. (पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला तर कुणीच नको. सुई टोचून घेण्याआधी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर सांगा.)

सुईने मला दोन-तीन दिवस सैल मिळायचे, तेवढ्यात व्यायाम व्हायचा. पण खरा बग माझ्या टेबलापाशी होता. कोड तपासताना, कॉलवर म्यूट असताना मी दात आवळून बसतो. खाणं-गिळणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे. हे मला पस्तिशीत कळलं. मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी लावलीय, "दात!" ऑफिसात सगळ्यांना वाटतं, मी डेंटिस्टची अपॉइंटमेंट विसरतो.

आता तोंड तीन बोटं उघडतं आणि दाढ जागेवर शाबूत आहे. इथे बडोद्यात सकाळच्या चहाबरोबर खाखरा असतोच, तो मात्र अजून बुडवून खातो. चकलीचं या दिवाळीत बघू.