प्रॉंग्सचा दीपस्तंभ

आमच्या सापगांवाजवळून वाहणारी भातसा नदी पुढें उल्हास नदीस मिळते व तिचें पाणी खाडीवाटे अरबी समुद्रास जातें. नदींतला धोका उतारावरचा नावाडी जाणतो. परंतु काळोख्या रात्रीं परक्या किनाऱ्याकडे येणाऱ्या गलबतास पाण्याखालचा खडक कोणी दाखवावा? तें काम दीपस्तंभ करितो.

मुंबईचें दक्षिण टोंक म्हणजे कुलाबा. तेथून खडकांची एक रांग समुद्रांत गेली आहे. ओहोटीस ती उघडी पडते, भरतीस पाण्याखालीं दडते. आणि दडलेला खडक उघड्या खडकाहून घातक. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाल्यावर मुंबई बंदराचें दळणवळण फार वाढलें. पुढें टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनियरानें १८७५ सालीं त्या खडकांवरच हा मनोरा उभारिला. त्यास सहा लक्षांहून अधिक रुपये लागले.

मनोरा वाटोळा कां? वाटोळ्या भिंतीवर आपटलेली लाट दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जाते. सपाट भिंतीस तिचा सारा मार सोसावा लागतो. आणि उंच कां? पृथ्वी गोल असल्यामुळें ठेंगणा दिवा कितीही प्रखर असला तरी दुरून दिसत नाहीं. हा मनोरा सुमारें ४१ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरचा दिवा पाण्याच्या सपाटीवरून सुमारें २३ किलोमीटरांवर दिसूं शकतो. पाहणारा खलाशी पाण्यापासून ४ मीटर उंच उभा असेल, तर आणखी ७ किलोमीटर पलीकडून.

दिव्याचें तेज दूर पोंचतें तें भिंगांमुळें. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यानें एका जाड भिंगाऐवजीं कांचेचीं कंकणें एकाबाहेर एक बसविलीं. ही युक्ति १८२३ सालीं फ्रान्सांतील कोर्दुआं दीपस्तंभांत प्रथम योजिली गेली. तिनें चोहोंकडे पसरणारा प्रकाश एकवटून समुद्राकडे धाडला जातो. शिवाय प्रत्येक दीपस्तंभाची उघडझाप ठराविक असते; तीवरून हा कोणता, हें खलाशी ओळखतो.

आतां उपग्रह जहाजास त्याचें स्थान सांगतात. तरीही यंत्र बंद पडलें, तर डोळ्यांस दिसणारा दिवाच उरतो. पूर्वीं माणसें रात्रभर जागून तो सांभाळीत. ज्यांचे प्राण वांचत, त्यांचीं तोंडेंही त्यांस कधीं दिसत नसत.

विद्यार्थिमित्रांनो, ओहोटीस या मनोऱ्यापर्यंत पायीं जातां येतें. परंतु परवानगी व भरतीची वेळ विचारल्यावांचून त्या खडकांवर पाऊल ठेवूं नका. दिवा धोका दाखवितो. तो टाळणें पाहणाऱ्याच्याच हातीं असतें.